आज खंयचो सामनो? कोकणात राहून पुरुष टेनिसचं वर्ष कसं लावावं

एप्रिलमध्ये रात्री आमच्या पडवीत पेट्या भरायचं काम चालू असतं, तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावर मोबाइल टेकवलेला असतो आणि त्यावर टेनिस चालू असतं. आंबा निवडायला येणारे शेजारचे काका आल्या आल्या एकच विचारतात, "आज खंयचो सामनो?" कोण खेळतंय, कितवी फेरी, हे ते कधी विचारत नाहीत. गाव विचारतात. आता मला वाटतं की व्यावसायिक टेनिसचं वर्ष समजून घ्यायचं असेल तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी. सामना कुठला ते कळलं की महिना कळतो, कोर्ट कसलं ते कळतं, चेंडू किती उसळणार ते कळतं आणि देवगडात बसून तो किती वाजता बघायचा तेही कळतं.

इथे टेनिस बघणाऱ्याला सोबत कमी. गावात "टेनिसची स्पर्धा" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टेनिस बॉल क्रिकेटच येतं. त्यामुळे कोणता सामना कधी, हे पारावर कुणी सांगत नाही, आपल्यालाच मांडून ठेवावं लागतं. मी गेली काही वर्षं दर डिसेंबरात ते कसं मांडतो, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी भिंतीवरचं कॅलेंडर घ्या

मोबाइलमधलं कॅलेंडर चालतं, पण पहिली मांडणी कागदावर करा. ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब, गॅसची तारीख आणि फवारणीची पाळी लिहिता, त्याच्यावरच करा. टेनिस तुमच्या वर्षात बसवायचं आहे. वेगळ्या वहीत लिहिलंत तर कुठली स्पर्धा ऐन कामात येते ते दिसणारच नाही.

पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही की टेनिसचं वर्ष तारखेवर चालत नाही आणि तिथीवरही चालत नाही. ते आठवड्यावर चालतं. सोमवारी स्पर्धा सुरू, रविवारी अंतिम सामना, सोमवारी नवी क्रमवारी, हा त्याचा ठेका. मोठ्या स्पर्धा थोड्या आधी सुरू होतात, काही छोट्या शनिवारी संपतात, पण हिशेब आठवड्याचाच. म्हणून विंबल्डन २०२५ मध्ये ३० जूनला सुरू झालं, तर २०२६ साठी २९ जून ठरलं. दरवर्षी तारीख एखाद-दोन दिवस मागे सरकते आणि मग कधीतरी एकदम आठवडाभर पुढे उडी घेते.

आपले सण सरकतात ते वेगळ्या हिशेबाने. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले आणि यूएस ओपन २४ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर होतं, म्हणजे चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंतचा सगळा उत्सव त्या स्पर्धेच्या पोटात बसला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरवर गेले, आणि यूएस ओपनचा अंतिम सामना आहे १३ तारखेला. एका वर्षात एवढा फरक पडतो. म्हणून मागच्या वर्षीची मांडणी पुढच्या वर्षी उतरवून घेऊ नका, दर डिसेंबरात नव्याने करा.

आता लाल पेनाने चार खुंट्या ठोका. जानेवारीच्या मध्यापासून पंधरवडाभर ऑस्ट्रेलियन ओपन, मेलबर्न. मेच्या शेवटच्या टप्प्यातल्या रविवारपासून फ्रेंच ओपन, पॅरिस. जूनच्या अखेरीला किंवा जुलैच्या पहिल्या सोमवारी विंबल्डन, लंडन. ऑगस्टच्या अखेरीस यूएस ओपन, न्यू यॉर्क. फ्रेंच आणि विंबल्डन यांच्यामध्ये २०१५ पासून तीन आठवडे मोकळे असतात, त्याआधी दोनच असायचे. या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांना ग्रँड स्लॅम म्हणतात. चारही ग्रँड स्लॅममध्ये पुरुष एकेरीत १२८ खेळाडू आणि सात फेऱ्या असतात आणि सामना पाच सेटपर्यंत जाऊ शकतो. उपांत्यपूर्व सामने मंगळवारी-बुधवारी, उपांत्य शुक्रवारी, अंतिम रविवारी. वर्षातले हे चार शुक्रवार आणि चार रविवार आत्ताच राखून ठेवा. बाकी काही चुकलं तरी चालेल.

आकडे काय सांगतात

स्पर्धेच्या नावापुढे २५०, ५०० किंवा १००० असतं. तो आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे गुण, एवढंच. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २०००, हरलेल्या अंतिम खेळाडूला १३००, उपांत्य फेरीपर्यंत गेलेल्याला ८००, उपांत्यपूर्व फेरीला ४००. वर्षभरात नऊ मास्टर्स १०००, सोळा ५००, आणि त्यांच्या खाली २५० वाल्या बऱ्याच स्पर्धा. त्याहून खाली चॅलेंजर स्पर्धांची पायरी, आपले भारतीय खेळाडू बहुतेक तिथे लढत असतात.

माझा सल्ला असा: पहिल्या वर्षी फक्त चार ग्रँड स्लॅम, नऊ मास्टर्स आणि ट्युरिनमधली वर्षअखेरची स्पर्धा एवढंच कॅलेंडरवर लिहा. चौदा नोंदी होतात. ५०० वाल्यांपैकी तुमच्या वेळेत बसतात तेवढ्याच घ्या. २५० च्या स्पर्धा आवडता खेळाडू असेल तरच. सगळं बघायचं ठरवणारा माणूस मार्चपर्यंत थकतो आणि मग फ्रेंच ओपनच्या वेळीच त्याचा उत्साह संपलेला असतो.

टेनिस उन्हाच्या मागे फिरतं

स्पर्धांची नावं पाठ करत बसू नका. टेनिस उघड्यावर खेळतात, त्याला कोरडी हवा आणि ऊन लागतं. म्हणून ही सगळी मंडळी वर्षभर उन्हाळ्याच्या मागे जगभर फिरतात. एवढं धरून ठेवलं की वेळापत्रक आपोआप उलगडतं.

जानेवारीत उन्हाळा असतो दक्षिण गोलार्धात, म्हणून ऑस्ट्रेलिया. पहिल्या आठवड्यात युनायटेड कप ही देशादेशांची मिश्र सांघिक स्पर्धा पर्थ आणि सिडनीत असते, शेजारी ब्रिस्बेन, ॲडलेड, ऑकलंड, आणि मग मेलबर्न. कोकणातल्या माणसाला वर्षातली सगळ्यात सोयीची ग्रँड स्लॅम हीच. मेलबर्न त्या वेळी आपल्यापुढे साडेपाच तास असतं. तिथे सकाळी अकराला खेळ सुरू होतो तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच. रात्रीचं सत्र सातला, म्हणजे इथे दुपारी दीड. अंतिम सामना जेवून उठल्यावर दोनच्या सुमाराला. बाहेर मोहोर फुललेला असतो, कुठे कणी धरलेली असते, तुडतुड्याच्या धास्तीने फवारणीची घाई असते. पहाटे पंपाची तयारी करताना पहिला सामना लावायचा आणि दुपारी परत आल्यावर रात्रीच्या सत्राला बसायचं. रोहन बोपण्णाने वयाच्या ४३व्या वर्षी मॅथ्यू एब्डनसोबत २०२४ची दुहेरी जिंकली ती इथेच. त्याच स्पर्धेत सुमित नागलने पहिल्या फेरीत मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं.

फेब्रुवारीत वाट फुटते आणि नवा प्रेक्षक इथेच गोंधळतो. एक गट युरोपात छपराखाली खेळतो, रॉटरडॅम वगैरे. एक गट दक्षिण अमेरिकेत लाल कोर्टवर, ब्युनॉस आयर्स आणि रिओ. आणि एक आखातात, दोहा आणि दुबई. तिन्हीकडे लक्ष ठेवता येत नाही, ठेवूही नका. आपण आखात धरावं. दोहा आपल्या अडीच तास मागे, दुबई दीडच तास, त्यामुळे संध्याकाळचे सामने रात्रीच्या जेवणाच्या वेळेला येतात. दोन्ही ५०० च्या स्पर्धा आहेत. आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या किती घरांतलं कुणी ना कुणी आखातात नोकरीला आहे. तुमचा भाऊ किंवा मामेभाऊ दोह्यात असेल तर जगातले पहिल्या दहातले खेळाडू त्याच्या घरापासून टॅक्सीच्या अंतरावर येतात. आम्हा कोकणातल्यांना इतकं मोठं टेनिस इतक्या जवळ दुसरीकडे कुठे मिळत नाही.

मार्चमध्ये अमेरिका. आधी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं इंडियन वेल्स, लगेच पाठोपाठ मायामी. दोन्ही १००० च्या. इंडियन वेल्स साधारण शिमग्याच्या आगेमागे येतं. २०२५ मध्ये तर होळी ऐन स्पर्धेत होती. तिथे सकाळी अकरा म्हणजे इथे रात्री साडेअकरा. पालखी घरी येऊन गेली, ढोल शांत झाले की पहिला सामना सुरू. पण रात्रीची सत्रं आपल्या सकाळी चालतात, ती सोडून द्या. मायामी त्या मानाने सोयीचं, अकराचा सामना आपल्याकडे रात्री साडेआठला.

एप्रिल, मे आणि जूनचा पहिला आठवडा म्हणजे युरोपची लाल कोर्ट. माझ्यासाठी हा वर्षातला सगळ्यात भरलेला काळ. मॉन्टे कार्लो, बार्सिलोना आणि म्युनिक, मग माद्रिद, रोम, हॅम्बुर्ग आणि शेवटी पॅरिस. (मॉन्टे कार्लोची स्पर्धा नावाला मोनॅकोची. कोर्ट सरहद्दीपलीकडे फ्रान्सच्या हद्दीत आहेत.) हा सगळा पट्टा या दिवसांत आपल्या साडेतीन तास मागे असतो. दुपारी अडीचला खेळ सुरू आणि मध्यरात्रीपर्यंत चालू. आंब्याचा दिवसही नेमका असाच असतो. सकाळी झेला घेऊन काढणी, दुपारी निवडणं, रात्री पेट्या भरून वाशीची गाडी गाठणं. हात कामात, कान सामन्यावर. लाल कोर्टवर एकेक गुण लांब चालतो, त्यामुळे मधूनच मान वर केली तरी रॅली संपलेली नसते. या कामाला या इतकं जुळणारं टेनिस दुसरं नाही.

लाल कोर्टचा रंग बघून आपल्याला जांभ्याची माती आठवते. ती माती नव्हे. खाली चुनखडीचा थर असतो आणि वर विटांचा बारीक चुरा पसरलेला असतो, तोही एक-दोन मिलिमीटर. चेंडू त्यावर पडला की त्याचा वेग मरतो आणि उसळी वर येते. खेळाडू घसरत चेंडूपर्यंत जातो. चेंडूचा वण चुऱ्यात उमटतो, म्हणून खुर्चीवरचे पंच खाली उतरून तो वण बघायचे. २०२५ पासून एटीपीच्या (पुरुष टेनिसचा दौरा चालवणारी संघटना) लाल कोर्टवरच्या स्पर्धांत रेषेचा निर्णय यंत्र देतं. फ्रेंच ओपनने मात्र त्या वर्षीही रेषेवर माणसंच ठेवली. मला तो वण बघायला आवडतं, आणि पॅरिसने ते टिकवलं याचा आनंद आहे.

पॅरिसच्या आसपास आपल्याकडे पावसाचे वेध लागतात. २०२५ मध्ये तर फ्रेंच ओपन सुरू झालं त्याच दिवशी, २५ मेला, मोसमी पाऊस देवगडात पोहोचला. नेहमीपेक्षा किती तरी आधी. झाडावर राहिलेला आंबा गेला. ८ जूनच्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला स्पेनचा अल्काराझ आणि इटलीचा सिनर यांचा अंतिम सामना सुरू झाला आणि मध्यरात्र जवळ आली तरी चालू होता. ५ तास २९ मिनिटं, फ्रेंचच्या इतिहासातला सगळ्यात लांब अंतिम सामना. अल्काराझने तीन मॅच पॉइंट, म्हणजे आणखी एक गुण गेला की सामना गेला अशा तीन वेळा, वाचवून तो जिंकला. आमचा हंगाम त्या वर्षी लवकर आटपला होता, म्हणून तेवढा सामना मी पहिल्या गुणापासून शेवटच्या गुणापर्यंत बसून बघितला.

मग गवत, जेमतेम पाच आठवडे. स्टुटगार्ट आणि नेदरलँड्समधलं स-हर्टोगेनबॉस, मग हाले आणि लंडनचं क्वीन्स या ५०० च्या, मग विंबल्डन. विंबल्डनचं गवत आठ मिलिमीटर उंचीवर कापतात. चेंडू खाली राहतो, सुसाट निघून जातो, गुण पटकन संपतात. इथे त्या वेळी लावणी, अंगणात पाणी, आणि समुद्रात जायची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणून किनाऱ्यावरची मंडळीही घरीच. लंडन साडेचार तास मागे. बाहेरच्या कोर्टांवर दुपारी साडेतीनला सुरुवात, सेंटर कोर्टवर संध्याकाळी सहाला. अंतिम सामना २०२५ पासून तिथल्या चारला ठेवतात, म्हणजे इथे रात्री साडेआठ. तिथेही पाऊस येतो, पण सेंटर कोर्टला २००९ पासून आणि एक नंबर कोर्टला २०१९ पासून सरकतं छप्पर आहे, त्यामुळे तिथला पाऊस आता सामना फारसा अडवत नाही. इथला अडवतो, त्याचं पुढे लिहिलं आहे.

विंबल्डननंतरचे दोन आठवडे, बॉस्टाड, ग्श्टाड, उमाग, किट्झब्यूहेल, मी सोडून देतो.

ऑगस्टमध्ये उत्तर अमेरिकेतली सिमेंटची कोर्ट. वॉशिंग्टन, मग कॅनडा, मग सिनसिनाटी. कॅनडाची पुरुषांची स्पर्धा सम वर्षी मॉन्ट्रियलला आणि विषम वर्षी टोरांटोला असते, महिलांची उलट. हे लक्षात ठेवा, नाहीतर वेगळ्याच शहराचं वेळापत्रक बघत बसाल. मग यूएस ओपन. न्यू यॉर्क साडेनऊ तास मागे. दिवसाचं सत्र आपल्याकडे रात्री साडेआठ-नऊला सुरू होतं, रात्रीचं पहाटे साडेचारला. आरत्या, भजन, फुगड्या आटपल्यावर दिवसाचं सत्र बघा, आणि रात्रीचं सत्र पहाटे उठून, फुलं काढायच्या आधी. दशावताराला रात्रभर बसणाऱ्या लोकांना हे जड नाही. पण दोन्ही एकाच दिवशी करू नका. २०२२ मध्ये अल्काराझ आणि सिनर यांचा उपांत्यपूर्व सामना न्यू यॉर्कला मध्यरात्रीनंतर २:५० ला संपला, म्हणजे आपल्याकडे दुपारचे बारा वीस, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. पुरुषांचा अंतिम सामना रविवारी साधारण रात्री साडेअकराला लागतो.

सप्टेंबरच्या शेवटापासून आशिया. टोकियो आणि बीजिंग, मग शांघायची १००० ची स्पर्धा. शांघाय अडीच तास पुढे, टोकियो साडेतीन, म्हणजे सामने सकाळपासून संध्याकाळपर्यंत. नवरात्र-कोजागिरीचे दिवस, पाऊस ओसरलेला, भातकापणी सुरू. शांघायकडे दुर्लक्ष करू नका. २०२५ मध्ये तिथे क्रमवारीत २०४व्या क्रमांकावरचा, पात्रता फेरीतून आलेला मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशरो स्पर्धा जिंकला, आणि अंतिम सामन्यात समोर होता त्याचाच नात्यातला भाऊ आर्थर रिंडरनेश.

शेवटी युरोपातला हिवाळा, छपराखालचं टेनिस. व्हिएन्ना आणि बासल, पॅरिसची १००० ची स्पर्धा, आणि नोव्हेंबरात ट्युरिनला एटीपी फायनल्स. वर्षातले पहिले आठ खेळाडू, चार-चारचे दोन गट, गटात प्रत्येकाशी सामना. हरला तरी लगेच घरी जात नाही. त्यामुळे नव्याने टेनिस बघायला लागलेल्याला मी ट्युरिनपासून सुरू करायला सांगतो. आठच चेहरे, एकच कोर्ट, रोज दोन एकेरी सामने, आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा आणि रात्री एकच्या सुमाराला. त्यानंतर डेव्हिस कप या देशादेशांच्या सांघिक स्पर्धेचा शेवटचा टप्पा, मग डिसेंबरात बहुतेकांना सुट्टी.

घड्याळाचा हिशेब

वरच्या फरकांत एक खोच आहे. आपलं घड्याळ वर्षभर एकच, त्यांचं बदलतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. हे चार रविवार कॅलेंडरवर निळ्या पेनाने लिहा. याचा फटका दोन ठिकाणी बसतो. एक, इंडियन वेल्सचे पहिले दिवस: तोवर अकराचा सामना आपल्याकडे साडेबाराला असतो, मग मधल्या रविवारपासून साडेअकराला. दुसरं, पॅरिसची ऑक्टोबर-नोव्हेंबरची स्पर्धा: मेमध्ये पॅरिस साडेतीन तास मागे होतं, आता साडेचार. मी एकदा मेच्या सवयीने तासभर आधी बसलो आणि नुसतं मोकळं कोर्ट बघत राहिलो.

ड्रॉ आणि रोजचा क्रम वाचायला शिका

स्पर्धा सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, निघतो. तो एटीपीच्या संकेतस्थळावर असतो, ग्रँड स्लॅमचा त्यांच्या त्यांच्या. बघायचं एवढंच, की तुमचा खेळाडू कुठल्या अर्ध्यात आहे आणि त्याच्या वाटेत कोण येतो. क्रमवारीतला पहिला आणि दुसरा नेहमी विरुद्ध टोकांना असतात, ते अंतिम सामन्याशिवाय भेटत नाहीत. तिसरा-चौथा कुणाच्या बाजूला जातो हे चिठ्ठीवर ठरतं, आणि अर्धी स्पर्धा तिथेच ठरते.

९६ खेळाडूंच्या मास्टर्समध्ये ३२ मानांकितांना, म्हणजे क्रमवारीत वरच्या खेळाडूंना, पहिली फेरी माफ असते. म्हणजे स्पर्धा बुधवारी सुरू झाली तरी मोठी नावं शुक्रवार-शनिवारपर्यंत उतरत नाहीत. पहिल्या दिवशी जागून निराश होऊ नका. बऱ्याच मास्टर्स आता एका आठवड्याऐवजी बारा दिवसांच्या केल्या आहेत, २०२५ पासून कॅनडा आणि सिनसिनाटीही. मला हे पटलेलं नाही. आठवड्याची स्पर्धा घट्ट असायची, रोज काहीतरी व्हायचं. आता मधले दिवस सैल पडतात.

दुसऱ्या दिवशीचा सामन्यांचा क्रम आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. त्यात पहिल्या सामन्याचीच वेळ पक्की असते. पुढच्यांना "आधीचा संपल्यावर" किंवा "अमुक वाजण्याआधी नाही" असं लिहिलेलं असतं. तीन सेटच्या स्पर्धेत एका सामन्याला दोन तास धरा, ग्रँड स्लॅममध्ये तीन, लाल कोर्टवर आणखी थोडे. कोर्टवरचा तिसरा सामना बघायचा असेल तर तेवढं गणित करून गजर लावा. पूर्वी पाचव्या सेटला अंत नसायचा. २०१० मध्ये विंबल्डनला इस्नर आणि माहू तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं खेळले. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये शेवटच्या सेटला ६-६ झालं की दहा गुणांचा टायब्रेक (सेटचा निकाल लावणारा एकच गेम), त्यामुळे आता अंदाज बराच बरोबर येतो.

गुणांची वही

ज्याला खरंच खोलात जायचं आहे त्याने एक वही ठेवावी. क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांची असते. या वर्षी मेलबर्नला मिळालेले गुण पुढच्या वर्षी मेलबर्नलाच गळून पडतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. मागच्या वर्षी २००० मिळवणारा या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत हरला तर त्याला ४०० मिळतात, म्हणजे एका स्पर्धेत १६०० ची घट. तीन-चार आवडत्या खेळाडूंची नावं लिहा, प्रत्येकापुढे त्या महिन्यात मागच्या वर्षी किती मिळवले ते लिहा. मग साधा तिसऱ्या फेरीचा सामनाही जीव धरून बघाल, कारण कुणाचं काय पणाला लागलंय ते तुम्हाला ठाऊक असेल.

उदाहरण घ्या. सिनर २०२५ मध्ये ९ फेब्रुवारी ते ४ मे निलंबित होता. इंडियन वेल्स, मायामी, मॉन्टे कार्लो, माद्रिद चारही गेल्या आणि तो रोममध्ये परतला. म्हणजे २०२६ च्या त्याच महिन्यांत त्याचं गळणारं काही नाही, जे मिळेल ते भर. अल्काराझ मात्र त्याच वसंतात मॉन्टे कार्लो आणि रोम जिंकला होता, म्हणून त्याला तेच गुण राखायचे आहेत. हे वहीत मांडलेलं असलं की दोघांची वर्षं वेगळी दिसायला लागतात. ट्युरिनची शर्यत याहून वेगळी, ती जानेवारीपासून शून्यावर सुरू होते. ते आकडे वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा आणि सप्टेंबरनंतर बघायला लागा, त्याआधी त्यांत अर्थ नसतो.

लाईट, रेंज आणि वाहिनी

प्रक्षेपणाचे हक्क बदलत राहतात आणि चारही ग्रँड स्लॅम एकाच ठिकाणी दिसतील असं धरून चालू नका. वर्षभराची वर्गणी भरण्याआधी त्या कंपनीकडे त्या वर्षी नेमकं काय आहे ते डिसेंबरात तपासा. एटीपीची स्वतःची टेनिस टीव्ही ही सशुल्क सेवा आहे, तीत मास्टर्स, ५०० वगैरे असतं, ग्रँड स्लॅम नसतात.

जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा धरू नका. विंबल्डनच्या अंतिम रविवारी आमच्याकडे एकदा दुसऱ्या सेटमध्ये लाईट गेली ती पहाटे आली. तेव्हापासून त्या रविवारी सकाळीच इन्व्हर्टर, दोन मोबाइल आणि एक पॉवर बँक पूर्ण भरून ठेवतो. रेंज कमजोर असेल तर चित्र सोडा आणि एटीपीच्या ॲपवर गुणागुणाचा धावता फलक लावा, त्याला डेटा अगदी थोडा लागतो. सड्यावरच्या घरांत रेंज बरी असते. खाली वाडीत असाल तर कुठल्या खिडकीत मिळते ते जूनमध्येच बघून ठेवा.

एकदा तरी प्रत्यक्ष

२०१८ ते २०२३ या काळात, २०२१ वगळता, पुण्याला बालेवाडीत महाराष्ट्र ओपन ही २५० ची स्पर्धा व्हायची. त्याआधी २०१७ पर्यंत ती चेन्नईला होती. सध्या भारतात एटीपीच्या मुख्य दौऱ्यातली एकही स्पर्धा नाही, याची खंत आहे. पण चॅलेंजर आहेत. २०२४ आणि २०२५ मध्ये फेब्रुवारीच्या आसपास चेन्नई, दिल्ली, बंगळुरू आणि पुणे अशा चार झाल्या. त्यांच्या तारखा उशिरा कळतात. आंगणेवाडीची जत्रा जशी तिथीला बांधलेली नसते, ठरली की जाहीर होते, तसंच धरा. डिसेंबरपासून एटीपीच्या चॅलेंजर वेळापत्रकावर दर आठवड्याला नजर टाका आणि फेब्रुवारीचे दोन आठवडे पेन्सिलने मोकळे ठेवा. मोहोराची धावपळ उतरलेली असते आणि काढणी अजून लांब असते, त्यामुळे निघणं जमतं.

घाट चढून कोल्हापूर, तिथून पुणे, रात्रीच्या एसटीने गेलात तर सकाळी बालेवाडीला पोहोचता. अंतिम सामन्याच्या रविवारी जाऊ नका, त्या दिवशी एकेरीचा एकच सामना असतो. जायचं तर पात्रता फेरीच्या रविवारी-सोमवारी किंवा मुख्य ड्रॉच्या मंगळवारी-बुधवारी. तेव्हा सगळी कोर्ट एकदम चालू असतात, गर्दी नसते, बाजूच्या कोर्टला अगदी जाळीजवळ उभं राहता येतं. आठव्या-दहाव्या रांगेतून मोबाइलवर न दिसणारी गोष्ट तिथे दिसते: दोनशेव्या क्रमांकाच्या आसपासचा माणूससुद्धा चेंडू किती जोरात मारतो. टोपी, पाण्याची बाटली, आणि लहान मुलं असतील तर मोठा टेनिसचा चेंडू आणि स्केचपेन न्या, सामना संपल्यावर खेळाडू सही देतात. दुपारी बारा ते तीन ऊन कडक असतं, पश्चिमेकडच्या बाजूला बसलात तर संध्याकाळी सावली आधी मिळते.